दातांच्या नावावर काय काय खपतं

प्रश्न सिडकोतल्या एका आईचा आहे. थोडक्यात सांगते. मुलगा साडेदहा महिन्यांचा, तोंडात अजून एकही दात नाही. चुलत नणंदेच्या मुलीला सातव्या महिन्यातच दोन दात आले, त्यामुळे घरात रोज तुलना चालते. गेल्या आठवड्यात बाळाला तीन दिवस जुलाब झाले, एक दिवस ताप १०१ पर्यंत गेला. सासूबाई म्हणाल्या, "दातांचे आहेत, होऊ दे, ते थांबवायचे नसतात." मेडिकलवाल्याने हिरड्यांना लावायचं जेल दिलंय, ते अजून उघडलेलं नाही. कॅल्शियम सुरू करू का? आणि पुढच्या रविवारी बोरन्हाण आहे, तेव्हा काय जपायचं?

ताई, मी नाशिकमध्ये २२ वर्षं लहान मुलांचा दवाखाना चालवते, आणि "दात येतायत बहुतेक" हे वाक्य ऐकलं नाही असा दिवस सहसा जात नाही. दात उशिरा येतायत का, याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. पण खरा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. ते तीन दिवसांचे जुलाब आणि ताप कशाने आले? घरात उत्तर आधीच ठरलेलं होतं, म्हणून प्रश्न विचारायचं राहून गेलं. मला जास्त बोलायचंय ते त्यावर.

आधी दात. पहिला दात बहुतेक मुलांना सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान येतो, आणि तो बहुधा खालचा, मधला असतो. मग वरचे मधले दोन, साधारण आठ ते बारा महिन्यांत. त्यानंतर बाजूचे. पहिल्या दाढा वर्ष-दीड वर्षाच्या आसपास, सुळे त्यानंतर, आणि मागच्या दाढा दोन-अडीच वर्षांपर्यंत. असे एकूण २० दुधाचे दात. सरासरीसाठी आम्ही एक ढोबळ हिशोब वापरतो: महिन्यांतल्या वयातून सहा वजा करा, तेवढे दात. या हिशोबाने तुमच्या लेकाला आत्ता चार हवेत. पण हा हिशोब शंभर मुलांच्या सरासरीला लागू पडतो, एका मुलाला नाही. चार महिन्यांत दात आलेलं बाळ मी पाहिलंय, आणि पहिल्या वाढदिवसाला बोळक्या तोंडाने केक चाटणारी तर कितीतरी. जन्मतःच दात घेऊन आलेलीही पाहिलीत, आणि त्यांच्या आयांना नातेवाइकांनी जे काही ऐकवलं तेही ऐकलंय.

मी स्वतः तेराव्या महिन्यापर्यंत गप्प बसते. तेरा महिने उलटूनही काही नसेल तर नीट तपासते. दीड वर्ष झालं तरी हिरडी कोरीच असेल तर मुलांच्या दंतवैद्याकडे पाठवते आणि रक्ताच्या काही तपासण्या सांगते. बाळ दिवस भरायच्या आत जन्मलं असेल तर त्याचं वय जन्मतारखेपासून न धरता प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून धरायचं. दोन महिने आधी आलेलं साडेदहा महिन्यांचं बाळ दातांच्या दृष्टीने साडेआठ महिन्यांचंच असतं. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सांगून ठेवते.

उशिराचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे घराणं. मी हे आईबाबांना विचारते, ते एकमेकांकडे बघतात. कोणालाच आठवत नसतं. एकदा एक आजी माझ्यासमोर बसून ठासून सांगत होत्या की त्यांच्या मुलाला सहाव्या महिन्यातच दात आले होते. मुलाने तिथूनच आत्याला फोन लावला. आत्या स्पीकरवर खो-खो हसली, "अगं वहिनी, सव्वा वर्षाचा होता तो! त्याच्या वाढदिवसाच्या फोटोत बघ, नुसती हिरडी." आजी नंतर बराच वेळ पंख्याकडे बघत होत्या.

दाताखेरीज बाकीचं सगळं रांगेत आहे का, हे मात्र मी पाहतेच. बाळ आधाराशिवाय बसतं का, वजन वाढतंय का, टाळू कितपत भरलीय, मनगटाची हाडं रुंद वाटतात का, बाळ फार सुस्त आहे का, नेहमी कडक शी होते का, केस-नखं कशी आहेत. मुडदूस म्हणजे ड जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड कमी असणं, फार कुपोषण, काही जन्मजात आजार, यांत दात रेंगाळतात. पण तेव्हा एकटा दात रेंगाळत नाही, त्याच्यासोबत आणखी काहीतरी दिसतंच. दोन आठवड्यांपूर्वी लिहिलेलं वजन आणि आजचं वजन एवढं जरी तुम्ही सांगितलंत तरी मला दातांपेक्षा जास्त कळेल.

कॅल्शियमचं एका दमात सांगते: नको. दुधाच्या दातांमध्ये चुना भरायला सुरुवात होते ती बाळ पोटात असताना, चौथ्या महिन्याच्या सुमारास. आत्ता बाटली सुरू केल्याने हिरडीतला दात घाईने वर येत नाही. ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र रोज ४०० युनिट पहिलं वर्षभर द्यायचे असतात, ते चालू आहेत का बघा. आपल्याकडे थंडीत बाळाला कानटोपी, स्वेटर, त्यावर दुपटं असं गुंडाळून घरातच ठेवतात. निफाडकडे पारा उतरला की आमच्याकडे येणारी बाळं गाठोड्यासारखीच येतात. मग ऊन लागणार कुठून?

आता जुलाबाकडे येते.

सहा महिने ते दीड वर्ष हा काळ बघा. याच काळात दात येतात. आईकडून पोटात असताना मिळालेली प्रतिकारशक्ती नेमकी याच सुमारास ओसरते. वरचं खाणं सुरू होतं. बाळ रांगायला लागतं आणि जे हाती लागेल ते तोंडात घालतं: चप्पल, रिमोट, मोलकरणीने आत्ताच पुसलेल्या फरशीवरचं काहीतरी. म्हणजे जंतू पोटात जायचा आणि दात यायचा काळ एकच. दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी घडतात आणि दोष दाताच्या पदरात पडतो. वीस दात दोन वर्षांत येणार, म्हणजे कुठल्याही आठवड्यात कुठला तरी दात "येतच" असतो. कुठलंही दुखणं आलं तरी त्याच्या नावावर खपवायला सोय आहेच.

हे फक्त आपल्याकडचं खूळ नाही, बरं का. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३९ साली ५,०१६ मृत्यूंची नोंद "दात येणे" या कारणाखाली झाली होती. तिथे दात यावा म्हणून हिरडीला चीर देत, आणि दातांसाठी म्हणून पाऱ्याची पूड विकली जायची, अगदी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. ती घेतलेल्या मुलांचे हातपाय लाल होऊन दुखायचे. दोष परत दातांनाच. त्यापुढे आपल्या आज्यांचं वेखंड बरंच सौम्य म्हणायचं, जरी तेही मला नको असतं. त्यावर पुढे येते.

मग दात येताना खरंच काय होतं? हिरडी थोडी सुजते, लाल होते, बाळ चावत सुटतं, किरकिर करतं, लाळ गळते, झोप मोडते. दात वर यायच्या आधी-नंतरचे तीन-चार दिवस हे जास्त असतं. अंग किंचित कोमट लागू शकतं. पण १००.४ फॅरनहाइटच्या वर गेलेला ताप दाताचा नसतो. १०१ म्हणजे ताप आहे, आणि त्याला दुसरं कारण आहे. पातळ शी दिवसातून सहा-आठ वेळा होणं हेही दाताचं नाही. लाळेचं म्हणाल तर ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासूनच गळते, कारण लाळग्रंथी कामाला लागतात आणि बाळाला ती गिळायची अक्कल अजून नसते. म्हणून चार महिन्यांच्या बाळाची लाळ बघून "आता दात" म्हणू नका.

मी हे फार शहाणपणाने सांगते असं वाटेल, म्हणून माझी एक गोष्ट सांगते. माझी लेक नऊ महिन्यांची होती. ताप आला, १०१.५. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. माझ्या आईने बोट धुऊन तिच्या हिरडीवरून फिरवलं आणि म्हणाली, "टोचतंय बघ." मीही बोट फिरवलं. खरंच टोचत होतं. मी, मुलांची डॉक्टर, पॅरासिटामॉल देऊन दवाखान्यात निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पहाटे तिने दूध सोडलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर मी पहिल्याच दिवशी लघवी तपासायला सांगितली असती. तपासली. लघवीत जंतुसंसर्ग होता. औषधाने बरी झाली. आणि हो, त्याच आठवड्यात दातही आला. वाटीतून पाणी पाजताना स्टीलवर टक् असा आवाज आला. दात खराच होता, पण तापाचा आणि त्याचा काडीचा संबंध नव्हता.

तेव्हापासून माझा एक नियम आहे: तापाचं कारण शोधून संपेपर्यंत दाताचं नाव काढायचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला उघड कारण नसलेला ताप चोवीस तासांच्या वर राहिला तर मी लघवी तपासते, विशेषतः मुलींची. कान बघते, कारण कान दुखणारं बाळही कान ओढतं आणि दात येणारंही.

"थांबवायचे नसतात" या वाक्याने मात्र मी खरंच घाबरते. काही वर्षांपूर्वी जानेवारीतच एक आजी अकरा महिन्यांचा नातू घेऊन आल्या. आईबाप दोघंही अंबडला कंपनीत, बाळ आजीजवळ. आजी अतिशय काळजीवाहू बाई, दोन दिवस दर अर्ध्या तासाला लंगोट बदलत होत्या, उकळलेल्या पाण्याने धुऊन, इस्त्री करून. पण सकाळपासून एकही लंगोट लघवीने ओला झाला नव्हता, हे विचारल्यावरच त्यांच्या लक्षात आलं. टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश मागे जात होती. त्याला तसंच दवाखान्यात भरती करून सलाइन लावलं. संध्याकाळी तो हसायला लागला तेव्हा आजी मला म्हणाल्या, "मला वाटलं दाताचे आहेत, आत अडकले तर बाधतील." त्यांना मी काय बोलणार? त्यांना त्यांच्या सासूने तेच सांगितलं असणार.

एका अर्थी आजी अर्ध्या बरोबर होत्या. जुलाब थांबवायचं औषध लहान बाळाला मीही देत नाही. पण गेलेलं पाणी भरून काढायचं असतं, आणि नेमकं तेच राहून जातं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट असेल तर ते सगळं एकदम एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवायचं. चमचाभर पूड अर्ध्या वाटीत, असा अंदाज नको, त्याने मीठ कमी-जास्त होतं. दोनशे मिलीचं छोटं पाकीट मिळतं, ते बाळासाठी बरं. प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, वाटी-चमच्याने, सावकाश. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. सोबत झिंक, सहा महिन्यांच्या वर रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी चौदा दिवस, हे बहुतेक जण विसरतात. तुमच्याकडे दिलं होतं का? अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, खाणं तोडायचं नाही. आणि ओआरएस म्हणून मेडिकलमधून फळांच्या चवीचं खोक्यातलं गोड पेय आणू नका. त्यात साखर इतकी असते की जुलाब वाढतात. अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, २०२५ च्या ऑक्टोबरात बंदी घातली, पण मी अजूनही पाकिटावर "जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार" असं लिहिलंय का ते वाचून घ्यायला सांगते.

शीमध्ये रक्त, सहा तास लघवी नाही, डोळे खोल, दूध न घेणं, बाळ नुसतं पडून राहणं, सतत उलट्या: यांपैकी एक जरी असेल तर रात्र आहे की रविवार आहे हे बघत बसू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तर त्याच दिवशी दाखवायचं, बाळ कितीही हसरं असलं तरी.

तापाच्या औषधाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण यात चुका होतात. पॅरासिटामॉलचे थेंब आणि पातळ औषध यांची ताकद वेगवेगळी असते. थेंबांमध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. साध्या सिरपमध्ये बऱ्याचदा पाच मिलीत १२५, म्हणजे एका मिलीत २५. चौपट फरक. ड्रॉपरने दिलेला डोस आठवून दुसऱ्या बाटलीतून तेवढंच दिलं तर काहीच लागू पडत नाही, आणि उलट केलं तर चौपट जातं. मात्रा किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये निदान सहा तास. आठ किलोच्या बाळाला थेंब असतील तर ०.८ ते १.२ मिली. बाटली हातात घेऊन, वाचून, मगच.

ते जेल परत करा. ट्यूबच्या मागे बेन्झोकेन, लिग्नोकेन किंवा कोलिन सॅलिसिलेट यांपैकी एखादं नाव दिसेल. बेन्झोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटून ओठ निळे पडल्याचे प्रकार झालेत. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना ते देऊ नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१८ मध्ये दिला. लिग्नोकेन पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्याच घरातलं. आणि इतकं करूनही ते लाळेबरोबर दोन मिनिटांत निघून जातं. गळ्यात घालायच्या मण्यांच्या माळाही नकोत, गळफास बसतो आणि मणी घशात जातो. गुटीतलं वेखंड आणि जायफळही या वयात बंद ठेवा. वेखंडाने उलट्या होतात, जायफळाने गुंगी येते, आणि सहाणेवर किती उगाळलं गेलं हे कोणीच मोजत नाही. मधही वर्षाच्या आत नको, बोटभरही नाही. त्यात बोटुलिझमचे, म्हणजे अंग लुळं पाडणाऱ्या विषबाधेचे, जंतू असू शकतात.

मग करायचं काय? स्वच्छ मलमलचं फडकं ओलं करून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात अर्धा तास ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि त्याचं एक टोक चावायला द्या. धुतलेल्या बोटाने हिरडी दाबून चोळा. दोन-तीन रात्री फारच रडत असेल तर वरच्या हिशोबाने पॅरासिटामॉलचा एक डोस, एवढंच. पूर्वी दोऱ्याला बांधून खारीक चोखायला द्यायचे. चवीला छान, पण भिजली की तुकडा सुटतो, म्हणून मी नाही म्हणते. कच्चं गाजरही तसंच.

दात नाहीत म्हणून बाळाला अजून सगळं मिक्सरमधून काढून देत असाल तर तेवढं मात्र आज थांबवा. ही दातांची वाट बघण्यातली खरी चूक, आणि ती फार घरांत होते. बाळ दाताने चावतच नाही, मागच्या हिरड्यांनी चिरडतं. त्या बाजूच्या दाढा तर सगळ्यांनाच वर्षानंतर येतात. नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत गुठळीचं खाणं सुरू झालं नाही तर पुढे मूल घास तोंडात आला की उमासे काढतं आणि दोन वर्षांचं झालं तरी फक्त पेज मागतं. नागलीचं सत्त्व चालू ठेवा, पण त्यासोबत मऊ वरणभात बोटाने कुस्करून, खिचडी, वरणात भिजवलेली भाकरी, उकडलेला बटाटा, केळ्याचा तुकडा त्याच्या हातात. अंगाखाली सांडेल, केसांत जाईल, जाऊ दे.

पहिला दात दिसला की त्या दिवसापासून मऊ ब्रश, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दोन वेळा. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. लोहाच्या थेंबांनी दात काळपट दिसायला लागले तर ते वरवरचे डाग असतात, थेंब बंद करू नका. आणि वरचे दात आधी आले तर मामाला वाईट असं कोणी म्हणालं तर मामाला खुशाल बाळासाठी खेळणं घेऊन यायला सांगा. त्या दातांनी मामाचं काहीही बिघडत नाही.

बोरन्हाण. करा, जरूर करा, मला फार आवडतं ते. काळे कपडे, हलव्याचे दागिने, सगळं. पण साडेदहा महिन्यांच्या बाळाच्या डोक्यावरून बोरं, हलवा, चुरमुरे, हरभरे, उसाचे तुकडे ओतायचे म्हणजे त्याच्या मांडीत पडणारी प्रत्येक गोष्ट थेट तोंडात जाणार. गोटीएवढं बोर आणि हलव्याचा दाणा श्वासनलिकेत अडकायला अगदी बेताचे. आमच्याकडे सणानंतर याचे पेशंट येतात. त्यामुळे ओतताना नुसते चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या घ्या, बाकीच्या वस्तू परातीत ठेवून दूरून दाखवा. हलव्याचे दागिने फोटोपुरते घालून लगेच काढा, दोरा तुटला की दाणे विखुरतात. आणि गोळा करायला जमलेल्या मोठ्या मुलांना आधीच सांगा, बाळाच्या हातात काही द्यायचं नाही. एका माणसाने फक्त बाळाच्या तोंडाकडे बघत बसायचं, फोटो काढायला दुसरा. द्राक्षांचा हंगामही आता तोंडावर आलाय. बाळाला द्राक्ष द्यायचंच तर उभं चिरून चार फाका करून. आख्खं द्राक्ष पाच वर्षांच्या आत नाहीच.

जुलाब आता थांबले असतील, बाळ नेहमीसारखं खेळत असेल आणि लघवी नीट होत असेल तर घाबरून धावत यायची गरज नाही. वजन मात्र या आठवड्यात करून घ्या, जुलाबात गेलेलं भरून आलं का ते कळेल. तुमच्या डॉक्टरांकडे जाताना लसीकरणाचं कार्ड घेऊन जा, आणि निघायच्या आधी बाळाच्या बाबांच्या आत्याला एक फोन करून घ्या.